पंगतीत मिळालेलं गिऱ्हाईक

बहात्तरच्या दुष्काळाआधी मी पुणतांब्यात विहिरीवरची डिझेल इंजनं दुरुस्त करायचो. हात चांगला होता, पण कामासाठी कुणाच्या दारी जायचं नाही, हा माझा बाणा. गावातला दुसरा मिस्तरी लग्नात वाढायला उभा राहायचा, पत्रावळीगणिक ख्यालीखुशाली विचारायचा आणि सगळं काम त्याच्याकडं जायचं. माझ्याकडं महिनाभर कुणी फिरकेना, तशी बायको म्हणाली, "आता तुमचा ताठा चुलीवर शिजवू का? जावा, तुमीबी बादली धरा."

गेलो. आमटी वाढता वाढता पहिल्याच बागायतदाराला विचारलं, "इंजन धूर कसला टाकतंय?"

"काळा."

मग इंजनात डिझेल फवारणारं नोझल कसं खराब होतं, ते मी त्याला समजावत बसलो. पुढची सगळी रांग कोरडा भात घेऊन ताटकळली. एक म्हातारा ओरडला, "मिस्तरी, आमचं इंजन बिनतेलाचं बंद पडलंय, आमटी वाढा की!" पंगत खो खो हसली. मी बादली तिथंच ठेवून घरी आलो.

तिसऱ्या दिवशी त्याच बागायतदाराची बैलगाडी इंजन घेऊन दारात उभी. मी बायकोला ऐकवलं, "बघ, माझं कसब ऐकून आला."

"व्हय तर," ती म्हणाली, "आता पुढचं लगीन कुनाकडं हाय, तेवढं त्यालाच इचारून घ्या."