माग चालू होता

त्र्याहत्तर साली सोलापूरच्या इस्पितळातल्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर भवानी पेठेतला एक तरुण विणकर होता. छातीत कळ आली की तो असा ओरडायचा, की तिकडे लांब माळशिरसचे बैल बुजत असतील! झोपेतही त्याचे पाय माग चालवायचे.

कार्डिओग्राम पाहून डॉक्टर चक्रावले. "हार्ट अटॅक म्हणावा, तर वय कोवळं. मध्यंतरी आजारी होतास?"

"न्हाय की."

"ताप?"

"ताप लई होता. पण माग चालू होता, मग आजारी कसा?"

डॉक्टर खाटेवरच टेकले. "अरे, मग हा अटॅक नसावा. तापामागून हृदयाच्या स्नायूला सूज आलेली दिसते. आता काही महिने माग बंद."

आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. तो मात्र पांढराफटक पडला आणि उशाशी बसलेल्या बायकोला हळूच म्हणाला, "म्हंजे मी खरंच आजारी हाय."