लॉजखालची रिकामी पेटी

निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला, तरी वैशाखातली ती एक दुपार माझ्या मनातून गेलेली नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड घेतले. त्यांतले बरेचसे आता पुसट झाले आहे. या प्रकरणात ना खून होता ना दरोडा. तरीही नोकरीत मी इतका गोंधळलो असेन असे दुसरे प्रकरण मला सांगता येणार नाही.

तेव्हा मी गोंदिया शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बाजारातल्या गल्ल्या अशा, की दिवसा एक टेम्पो आत शिरला की मागची सगळी वाहतूक ठप्प. त्यामुळे छोट्या धंदेवाल्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू सायकली घ्यायला सुरुवात केली होती. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या चाकांवर झाकण असलेली पत्र्याची मोठी पेटी. पाववाला, खानावळवाला, पाण्याचे कॅन पोचवणारा, जो तो तिच्यावर फिरू लागला. लोक तिला नुसते 'पेटीवाली' म्हणत. विकणारा दुकानदार एकच, म्हणून पेट्यांचा रंगही एकच, निळा. नंबर प्लेट नाही, आवाज नाही, धूर नाही. चौकातली कोंडी कमी झाली म्हणून आम्हा पोलिसांनाही त्या गाड्या बऱ्या वाटत.

त्या दिवशी ऊन चढत असताना एक बाई अनवाणी ठाण्यात शिरली. तिच्या मागे पाच-पंचवीस माणसे. ती मूळची सडक अर्जुनी तालुक्यातली. नवरा राइस मिलमध्ये कामाला, आणि ती स्वतः लॉज आणि खासगी दवाखान्यांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून पोचवायची. त्यासाठी तिने पेटीवाली घेतली होती. घरी सांभाळायला कुणी नसल्याने अडीच वर्षांची मुलगी ती सोबतच नेत असे.

"सायब, माही पोट्टी नेली जी कोणीतरी!" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

महिला शिपायाने तिला बसवले, पाणी दिले, तेव्हा हकीकत कळली. लॉजमधून धुवायच्या चादरी घेऊन तिने पेटीत टाकल्या होत्या. मुलगी पेंगुळली, म्हणून तिला त्या चादरींवरच निजवले. हवा लागावी म्हणून झाकणाला काठी लावून ते अर्धे उघडे ठेवले. मग धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली. तिथे मॅनेजरने प्रत्येक चादर उलगडून पाहिली, त्यात वेळ गेला. खाली आली तर गाडी जागेवर, झाकण लावलेले. उघडून बघते तो पेटी रिकामी. मुलगी नाही, चादरीही नाहीत.

अज्ञात इसमाविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल केला, बिनतारी संदेश सोडला, शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर नाकाबंदी लावली. तिची गाडी पंचनाम्यासाठी ठाण्याच्या आवारात आणून उभी केली. हे सगळे रिवाजाप्रमाणे झाले. पण एक गोष्ट मला सुरुवातीपासून टोचत होती. मूल पळवणारा माणूस मळक्या चादरी कशाला नेईल?

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण पाहिले आणि गोंधळ वाढला. बाई येते, गाडी लावते, गठ्ठा घेऊन जिना चढते. मग बिस्किटांचा एक टेम्पो येऊन आडवा उभा राहतो, आणि तो उभा आहे तोवर मागचे काही दिसत नाही. टेम्पो निघून जातो. गाडी आपली तिथेच. लहान मूल कडेवर घेऊन जाणारा एकही माणूस चित्रणात नाही.

टेम्पोवाल्याला बालाघाटच्या रस्त्यावर अडवून आणले. तो घाबरून गेला होता. "साहब, मैंने पेटी की तरफ देखा भी नहीं. माल उतारा और निकला." टेम्पोची झडती घेतली, बिस्किटांच्या खोक्यांशिवाय काही निघाले नाही. हमालांना वेगवेगळे बसवून विचारले. सगळे एकच सांगत होते, आणि ते पढवल्यासारखेही वाटत नव्हते.

मग माझ्या दुय्यम अधिकाऱ्याने दबक्या आवाजात वेगळीच शंका काढली. "सर, मुलगी पेटीत होती, हे फक्त बाई म्हणते. दुसऱ्या कुणी पाहिलं आहे का?"

पोलिसांना असा विचार करावाच लागतो. मी बाईला पुन्हा विचारले. घरी काही भांडण? सासरचे कुणी मुलगी मागत होते का? ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"काऊन असं विचारून राहिले जी तुम्ही? मी माह्या हातानं निजवली तिले."

एवढ्यात खबर आली. रेल्वे फाटकाजवळ उसाच्या रसाची गाडी लावणाऱ्या एकाने फोन केला होता. एक निळी पेटीवाली गाडी त्याच्यासमोरून गेली आणि तिच्या पेटीतून लहान मुलाचा रडण्याचा आवाज येत होता. "मैं चिल्लाया, और दो लोग चिल्लाए. उसने पीछे मुड़के नहीं देखा, साहब. सीधा निकल गया."

म्हणजे मुलगी पेटीत होती. बाई खरे बोलत होती. पण जिच्या पेटीत ती होती, ती गाडी तर माझ्या खिडकीतून दिसत होती! एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत घातली म्हणावे, तर कॅमेऱ्यात तसे काही नाही. मी कागदावर आकृती काढून पाहिली, ती फाडली, पुन्हा काढली. आणि या सगळ्यात बाहेरचे ऊन वाढत होते. पत्र्याची बंद पेटी अशा उन्हात किती तापते, हेच सगळ्यांच्या मनात होते.

शहरात तोवर बातमी पसरली होती. मुले पळवणारी टोळी आल्याचे कुणीतरी मोबाइलवर फिरवले. निळ्या पेटीच्या गाड्या जागोजागी अडवल्या जाऊ लागल्या. एका पाववाल्याचा सगळा माल लोकांनी रस्त्यावर ओतला. लॉजसमोर मी दोन शिपाई ठेवले होते, त्यांच्यापैकी एकाचा बिनतारी यंत्रावर आवाज आला, "सर, आरोपी सापडला. पब्लिक मारून राहिली त्याले. जल्दी गाडी पाठवा!"

मी स्वतः गेलो. गर्दीच्या मध्यभागी साठीचा एक माणूस खाली पडला होता. ओठ फुटलेला, सदरा फाटलेला. शेजारी निळी पेटीवाली आणि तिच्यात लॉजचा शिक्का असलेल्या चादरी. लाठ्या आडव्या धरून आम्ही त्याला कसेबसे बाहेर काढले आणि जीपमध्ये घातले; त्याची गाडी एका शिपायाने मागोमाग ठाण्यात आणली. थोडा उशीर झाला असता तर त्या दिवशी मला खुनाचा पंचनामा करावा लागला असता.

ठाण्यात आणून त्याला विचारायला सुरुवात केली. मुलगी कुठे आहे? तो बोलेना. आवाज चढवला, तरी तोंडातून फक्त घशातला एक अस्पष्ट स्वर निघे. "नाटक करून राहिला सायब," एक हवालदार म्हणाला. मुके असल्याचे सोंग करणारे आरोपी आम्ही पाहिले होते, त्यामुळे हवालदाराला वेडा ठरवता येत नव्हते.

तेवढ्यात त्या माणसाने हात हलवायला सुरुवात केली. तळहात जमिनीपासून थोडा वर धरला, एवढेसे मूल. मग दोन्ही हात जोडून गालाखाली ठेवले, डोळे मिटले. मग पेटीचे झाकण लावल्याची खूण केली आणि बोट दूर कुठेतरी दाखवले.

दारात उभ्या असलेल्या आईने ते पाहिले आणि ती उभी कोसळली. खरे सांगायचे तर आम्हा सगळ्यांना त्या खुणेचा एकच अर्थ लागला होता. मूल गेले, आणि याने ते कुठेतरी पुरले.

पण त्याचा चेहरा त्या अर्थाशी जुळत नव्हता. कबुली देणाऱ्याचे खांदे पडतात, नजर खाली जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. हा माणूस चिडलेला होता. आम्हाला काहीच कसे कळत नाही, म्हणून चिडलेला. त्याने सरळ माझी बाही धरली आणि मला ओढू लागला. शिपाई धावले, मी त्यांना थांबवले. त्याने मला आवारात नेले.

तिथे आता दोन निळ्या पेटीवाल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. सकाळपासून पंचनाम्यासाठी ठेवलेल्या गाडीवर त्याने हात ठेवला आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली. मग जिच्यासह तो पकडला गेला, त्या गाडीकडे बोट करून जोरजोराने नकाराची मान हलवली. मला अजूनही उमगेना.

महिला शिपाई बाईला सावरून बाहेर घेऊन आली होती. बाई त्या दुसऱ्या गाडीपाशी गेली आणि तिच्या हँडलला बांधलेला काळा दोरा तिने हातात धरला. "सायब, हे तं माही गाडी होय!"

"मग सकाळी तू जी दाखवलीस ती?"

"मले काय मालूम जी! पेटी रिकामी दिसली, मंग हँडल कोण पाहते?"

मी तिच्याकडून किल्ली घेतली. दोन्ही गाड्या त्या एकाच किल्लीने सुरू झाल्या. त्याच्या किल्लीनेही दोन्ही झाल्या. दुकानदाराने सगळ्या गाड्यांना एकाच साच्याची कुलपे बसवली होती.

आता उलगडा होऊ लागला; बारीक तपशील पुढे त्याच्या बायकोकडून कळले. हा माणूस बांबूच्या टोपल्या आणि सुपे पोचवायला लॉजशेजारच्या दुकानात आला होता. टेम्पोच्या आडोशाला त्याने आपली गाडी बाईच्या गाडीला लागून उभी केली, माल उतरवला आणि परत येऊन चुकून तिची गाडी घेतली. रिकाम्या पेटीत कोण डोकावते? टोपल्या काढताना कुणीतरी झाकणाला काठी लावली असेल, असे समजून त्याने ती काढली, झाकण लावले आणि निघाला. फाटकाजवळ लोक ओरडले, पेटीत मुलगी रडली. जन्मापासून ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्यापर्यंत यातले काय पोचणार?

पण मुलगी कुठे होती? मी तोच प्रश्न खुणेने विचारला. तो जीपमध्ये जाऊन बसला. मुलीच्या आईलाही आम्ही सोबत घेतले.

शहराच्या कडेच्या वस्तीत त्याचे घर होते. दाराला कुलूप. शेजारची म्हातारी बाहेर आली. "त्याची बायको पोरीले घेऊन सरकारी दवाखान्यात गेली जी. उन्हानं पोरगी मऊ पडली होती."

दवाखान्यातल्या बाकावर एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर ती मुलगी. हाताला सलाइन लावलेले, केस ओले. डोळे उघडे होते. आई धावली, तशी त्या बाईने मुलीला जवळ ओढून घेतले.

"थांब. आधी पाणी पी. हात थरथर कापून राहिले तुहे, लेकरू पडंल."

आई खरोखरच थांबली. पाणी प्यायली. मग त्या बाईने मुलगी तिच्या मांडीवर दिली आणि नंतर आईला चांगले फैलावर घेतले. "कायले अशी पेटीत टाकते बाप्पा? मी टोपल्या भराले झाकण उघडलं, तं आत लेकरू. आम्ही म्हटलं, कोणी टाकून देल्लं का काय! मी इकडं पळाली, आणि आमच्या मालकाले खुणेनं सांगतलं, तुम्ही जिथं गाडी लावली तिथं जा, पाहा कोण आहे हिचं."

एवढ्यात तिची नजर नवऱ्याच्या फुटलेल्या ओठाकडे गेली आणि ती उठून त्याच्याजवळ गेली. मुलीच्या आईनेही तिकडे पाहिले. मुलीला सांभाळत ती वाकली आणि मोकळ्या हाताने तिने त्या माणसाचे पाय धरले. तो एकदम मागे सरकला. त्याला ते मुळीच आवडले नाही.

अपहरणाच्या गुन्ह्यात आम्ही न्यायालयाकडे 'क' समरी मागितली; म्हणजे तक्रार खोटी नव्हती, पण गुन्हाही घडलेला नव्हता. मारहाण करणाऱ्यांवर मात्र गुन्हा नोंदवला. त्यांतले दोघे चांगल्या घरचे व्यापारी होते, रदबदलीसाठी बरेच फोन आले. मी त्या माणसाच्या बायकोला विचारले, तिने ठाम सांगितले, "सोडू नका." मी सोडले नाही. दुकानदाराला बोलावून सगळ्या गाड्यांची कुलपे बदलायला लावली, आणि धंदेवाल्यांनी आपापल्या पेट्यांवर नावे रंगवून घेतली.

चौकशीला बसलेला पोलीस मनात एकच प्रश्न घेऊन बसतो, यातला खोटे कोण बोलतो? त्या दिवशी कुणीच खोटे बोलत नव्हते. आई खरे सांगत होती, टेम्पोवाला खरे सांगत होता, रसवाला खरे सांगत होता. कॅमेराही खरेच दाखवत होता. आणि सर्वांत खरे जो सांगत होता, त्याचे म्हणणे आम्हाला समजत नव्हते. नंतर हाताखालच्या अधिकाऱ्यांना मी सांगत असे, की समोरचा लपवतो आहे हे ठरवण्याआधी आपल्याला त्याचे कळले आहे का, हे एकदा तपासा.

तरी एक गोष्ट मला कळली नव्हती. जबाब नोंदवायला ते नवरा-बायको आले तेव्हा मी बायकोमार्फत त्याला ती विचारली. लॉजसमोर एवढी चिडलेली गर्दी लांबून दिसत होती, गाड्या अडवल्या जात होत्या. तरीही हा त्या गर्दीत सरळ शिरला कसा? परत का फिरला नाही?

तिने खुणा केल्या. त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले, हात हलवून थोडक्यात उत्तर दिले आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"काय म्हणतात?" मी विचारले.

"म्हणतात," ती म्हणाली, "पोरीची माय तिथंच असंल ना. मंग आणखी कुठं जाऊ?"