उन्हाला सरावलेली बाई

माझी ताई उन्हानं मेली.

हे वाक्य वर्षभरात मला कुणी धड पूर्ण करू दिलं नाही. मध्येच कुणीतरी म्हणतं, "अगं, हार्टचं असंल." कुणी म्हणतं, "बीपी असंल." कुणी तर, "वेळ आल्ती बिचारीची."

वेळबिळ काही आली नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती, केदारखेड्यातली.

आज वर्ष झालं म्हणून लिहितेय. ज्यांना नुसतं आरआयपी टाकायचंय त्यांनी खुशाल टाका, पण आधी वाचा.

संघमित्रा ताई एका प्रोजेक्टवर कंत्राटी कामाला होती. काम काय, तर आपलं ऊन कोणत्या गायीला सोसतं ते बघायचं.

आपली गावरान लाल कंधारी आणि विलायती रक्ताची संकरित एचएफ, दोघी शेजारी शेजारी उन्हात बांधायच्या. थर्मामीटर लावून ताप घ्यायचा. कूस किती वेळा हलते ते बघून श्वास मोजायचे. मग पुढची गाय.

हे सगळं दुपारीच. "सकाळी सगळ्याच गायी गुणाच्या असतात," असं ती म्हणायची.

घरी जेवतानाही गायीच. मी वैतागायचे.

"ताई, शेणाचा वास येऊन राह्यलाय. आधी हात धू."

"धुतलेत गं. ऐक तर."

एकदा मी म्हटलं, "ती लाल गाय तर निवांत उभी असते म्हणतेस. मग मोजायचं काय त्यात?"

ताई एकदम सिरियस झाली. "निवांत उभी हाय म्हंजी तिला सोसतंय असं न्हाई. काही गायी गपचिप उभ्या राहतात अन् आतून तापत जातात. धापा टाकणारीकडं सगळे पळतात. गप राहणारीला मोजावंच लागतं."

ताई गेली त्या दिवशी काय झालं ते मला, ज्यांच्या गोठ्यात ती गायी तपासत होती, त्या घरच्या काकूंनी सांगितलं.

एचएफ गाय तोंड उघडून धापा टाकायला लागली, लाळ गळायला लागली. असं झालं की टेस्ट जागेवर थांबवायची, हा प्रोजेक्टचा नियम. गाय सावलीत न्यायची, अंगावर पाणी ओतायचं, प्रोजेक्टच्या साहेबांना फोन करायचा.

ताईनं सगळं बराबर केलं. बादल्यासुद्धा तिनंच ओतल्या.

मग म्हणाली, "काकू, गाय बरी हाय आता. मी जरा टेकते." आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली.

सगळे गायीभोवती. काकूंना वाटलं, मॅडम दमल्या, डोळा लागला.

काकूंवर माझा राग नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन जीपमधून दवाखान्यापर्यंत त्याच आल्या. "अंग तव्यावानी लागत व्हतं," म्हणाल्या. थर्मामीटर तिच्याच पिशवीत होता. तिला लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

राग आहे तो शोकसभेचा.

साहेब आले. मोठा हार आणला. म्हणाले, "मॅडम याच मातीतल्या. उन्हाला सरावलेल्या. त्यांना असं काही होईल, असं आम्हाला वाटलंच नाही."

लोकांनी माना डोलावल्या. मी उठले, तर मामानं हात धरून खाली बसवलं.

तेव्हाचं आज विचारते. साहेब, सरावलेल्या हे कशावरून म्हणालात?

एका गायीबद्दल एवढं म्हणायला तुम्हाला उन्हाळेच्या उन्हाळे लागतात. ताप लागतो, श्वास लागतात, दूध घटलं का ते बघावं लागतं. माझ्या बहिणीबद्दल तुम्ही नुसतं गाव बघून म्हणालात.

का रंग बघून? का आडनाव बघून?

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "मला ती जागा दाव." मी घेऊन गेले.

एचएफ गोठ्यात उभी होती. डोक्यावर पंखा, वरून पाण्याचे फवारे. तिला ऊन सोसत नाही हे सिद्ध झालं ना, मग सोय झाली. चांगली धष्टपुष्ट झालीय.

मुक्या जिवावर राग धरू नये म्हणतात. मी धरला. खोटं कशाला बोलू?

अंगणात एक नवी पोरगी होती, ताईच्या जागी घेतलेली. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, ओठ पांढरे पडलेले. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नको काकू, तहान न्हाई."

आई, ओळख ना पाळख, सरळ तिच्याजवळ गेली.

"पोरी, लघवीला कुठं जाती तू?"

पोरगी खाली बघायला लागली. जीपचा ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागला.

"सांग की."

"जात न्हाई मावशी. संध्याकाळी घरी गेल्यावरच. म्हणून पाणीच पीत न्हाई."

आईनं काकूंच्या हातातला तांब्या घेतला.

ताईची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. आई रोज बोलायची, "पाणी प्यायचाबी कंटाळा का गं तुला?" ताई हसायची आणि बाटली झाडात ओतायची.

आई काकूंना म्हणाली, "तुमच्या घरी संडास हाय ना?"

"हाय की. मी कवा न्हाई म्हणलं? त्या मॅडमनी कधी विचारलंच न्हाई."

का विचारलं नाही, ते आईला माहीत आहे. मला माहीत आहे. काकूंनाही माहीत असावं.

मग त्यांनीच घराचं दार उघडलं आणि पोरीला म्हणाल्या, "ये बाई, आत ये."

आईनं आधी तांब्या तिच्या तोंडाशी धरला. "पी." ती सगळा प्यायली.

ताई, तू एकदा विचारायचं होतंस गं. नाही म्हणाल्या असत्या, तर भांडायला मी होते ना.

जय भीम, ताई.