गेंड्याचा उकिरडा

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली तरी अण्णा, माझे वडील, खिडकीचा गज सोडेनात. बहात्तरच्या दुष्काळात आमची निम्मी दावण रिकामी झाली होती, आणि घरातला एकुलता एक जनावरांचा डॉक्टर, म्हणजे मी, आसामात गेंडे राखायला निघाला होता. "गावची जनावरं काय कमी पडली व्हय रे तुला?" एवढंच ते म्हणाले.

जंगलाभोवतीच्या गावांतल्या गुरांना लस टोचायची, म्हणजे त्यांचे रोग गेंड्यांपर्यंत पोचत नाहीत, हे माझं काम. आमच्या गावी, वळसंगला, घागरभर पाण्यासाठी पायपीट करणारा मी. तिकडे पुराचं पाणी आमच्या जंगलातल्या चौकीच्या पायऱ्या चढायचं. गेंडे पिल्लं घेऊन उंचवट्याकडे निघायचे, तर शिंगासाठी टपलेले शिकारी त्यांच्या वाटेत खड्डे खणून वर गवत पसरायचे. गावातले जे सुरतेला, भिवंडीला कामाला गेले त्यांना निदान बोलायला आपली माणसं मिळाली. मला जळवा मिळाल्या.

गेंडा रोज ठरल्या जागीच शेण टाकतो. चौकीमागे असा कंबरभर ढीग होता आणि एक मादी पिल्लासह न चुकता तिथे यायची. दुष्काळी गावच्या माणसाला एवढं खत वाया जाताना बघवतं का? आमचा म्हातारा पहारेकरी हरेन रजेवर होता. मी दोन मजूर लावून सगळा ढीग उचलला आणि वांग्यांच्या वाफ्यात घातला. वर फुशारलोही.

मादी यायची बंद झाली. आठव्या दिवशी ती नदीकडच्या गवतात, खड्ड्यात सापडली. शिंग नेलेलं. पिल्लू काठावर उभं होतं. हरेन परतला, साफ केलेली जागा बघितली आणि म्हणाला, "डॉक्टरबाबू, यहाँ वो हमारी आँख के सामने थी." त्याने शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पिल्लाला मी बाटलीने दूध पाजून जगवलं, पण तिथे मन लागेना. रजेवर वळसंगला यावं तर तिसऱ्या दिवशी वाटायचं, तिकडे पाणी चढलं असेल का? तिकडे गेलं की अण्णांचा खोकला आठवायचा. कुठेच बूड टेकेना.

शेवटी सोलापूर जिल्ह्यात बदली मागणारा अर्ज लिहिला आणि खिशात घालूनच घरी आलो. अर्जाचं ऐकून अण्णा इतके हरखले की त्यांनी शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. मला ते सहन होईना. बैल धूत होते तिथे जाऊन मी त्यांना शेणाची सगळी हकीकत सांगितली. त्याआधी कुणालाच सांगितली नव्हती.

त्यांचा हात बैलाच्या पाठीवर थांबला. "पिल्लू अजून दूध पितंय?"

"व्हय."

"कुनाच्या हातनं?"

"माज्याच. रजेपुरता हरेन पाजतोय."

"मग अर्ज कशाला? त्याची आय तुज्यापायी गेली. जा की माघारी."

"आन् तुमी?"

"मला कुनी शिंगासाठी मारत न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी माघारी निघालो, तर ते एसटीपर्यंतसुद्धा आले नाहीत. मला त्यांचा राग आला, रडूही आलं. एवढ्या वर्षांनंतरही कुणी घर कुठलं विचारलं की मी वळसंगच सांगतो. अण्णांनी मला जिथून हाकललं, ते.