इंग्लंडची संध्या मॅडम

संध्या बजाजनगरच्या कामगार वसाहतीत लहानाची मोठी झाली. वडील काकासाहेब वाळूजच्या एका कंपनीत लेथवर, आई लक्ष्मीबाई घरी शिलाई मशीन चालवणारी. पोरगी मराठी शाळेतून निघाली, इंग्रजीत एम.ए. झाली, बी.एड. झाली आणि वसाहतीतल्याच एका इंग्लिश मीडियम शाळेत नऊ वर्षं शिकवत राहिली. मधे लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. माहेरी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वर्गावर हजर होती, त्यामुळं लोकांना बोलायलाही फारसं काही उरलं नाही.

मग शाळेचं व्यवस्थापन बदललं. नव्या प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमचं ग्रामर पक्कं आहे. पण अ‍ॅक्सेंट गावाकडचा येतो. पालक तक्रार करतात."

संध्या उठून स्टाफरूममध्ये गेली. कपाटातली आपली पुस्तकं पिशवीत भरली आणि घरी आली. वय तेहेतीस.

पुण्याचा एक एजंट तिला मैत्रिणीकडून कळला. तो फोनवर म्हणाला, "व्हिएतनाममध्ये इंग्लिश टीचरला खूप मागणी आहे. वर्क परमिटचं लांबतं, म्हणून आपण स्टुडंट व्हिसा काढू. तिथल्या कॉलेजात त्यांची भाषा शिकायला अ‍ॅडमिशन घ्यायची. कागदावर शिकायचं, बाकी शिकवायचं. सगळे तसंच करतात."

लक्ष्मीबाईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "म्हंजे तू शिकायला चाललीस का शिकवायला?"

"दोन्ही, आई."

"आन् तिथल्या साहेबानं इचारलं तर?"

"शिकायला."

"मला तर लई भ्या वाटतं बाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या. तरीपण जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी दोन सुती कुर्ते शिवले आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात दाबून भरली.

हनोईपासून अडीच तासांवर नदीकाठचं ते छोटं शहर. रस्ताभर स्कूटर, फूटपाथवर वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर बसून वाफाळतं सूप पिणारी माणसं. तिथं इंग्रजीचा क्लास चालवणाऱ्या बाईंचं नाव हान. पन्नाशीच्या, कामाला वाघ, मनानं वाईट नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी संध्याला बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "इथल्या पालकांना इंग्लंड-अमेरिकेची टीचर लागते. तुझा जन्म लंडनचा असं मी सांगितलंय. तू फक्त नाही म्हणू नकोस."

संध्या नाही म्हणाली नाही. ज्या बोलीपायी बजाजनगरातली नोकरी गेली, तीच बोली इथं लंडनची ठरली. तिला आधी हसू आलं, आणि मग खोलीवर गेल्यावर रडू आलं.

आठवड्यातून तीन दिवस सकाळी कॉलेज. तिथं पांढऱ्या केसांचे एक मास्तर व्हिएतनामी शिकवायचे. एकच 'मा', पण एका सुरात आई, दुसऱ्या सुरात भूत, तिसऱ्या सुरात भाताचं रोप. हजेरीपुरतं जायचं ठरवून गेलेली संध्या पहिल्या बाकावर बसू लागली. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिची वही तपासत होतं, तिला ते फार आवडायचं. दुपारी मात्र ती स्वतः शिक्षक व्हायची. मुलं दारात चपला काढून आत यायची आणि एका सुरात ओरडायची, "को!" को म्हणजे बाई.

घरची सय मात्र कुठंही गाठायची. भाकरीचं पीठ मिळत नव्हतं. मिरची, लसूण आणि शेंगदाणे मिळायचे. मग ती दगडी खलात ठेचा कुटायची आणि भातावर घेऊन खायची. ठेचा कुटताना मराठीत मोठ्यानं बोलायची, कारण दिवसभरात आपला आवाज आपल्या भाषेत कानावर पडला नाही की तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. मुलं विचारायची, को, लंडनमध्ये बर्फ पडतो? ती म्हणायची, पडतो. आणि डोळ्यांपुढं यायची दौलताबादच्या रस्त्याकडेला टोपल्यांत रचलेली सीताफळं.

वर्गात लिन नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. आई तैवानच्या कारखान्यात कामाला गेलेली, लिन आजीपाशी. एकदा संध्यानं मुलांना चार ओळींचं पत्र लिहायला दिलं. लिननं लिहिलं होतं, 'आय रिमेंबर माय मदर.'

संध्यानं लाल पेनानं शब्द बदलला. "इथं 'मिस' येईल. रिमेंबर म्हणजे लक्षात असणं. मिस म्हणजे ती जवळ नाही म्हणून जीव कासावीस होणं."

लिन गोंधळली. "दोन शब्द कशाला? आमच्यात एकच आहे. न्यो."

"आमच्यातही एकच," संध्या पटकन बोलून गेली. "आठवण."

"आ-ठ-वण," लिननं म्हणून पाहिलं. मग मान वर केली. "हे इंग्लिश नाही, को."

बाकीची मुलं अजून खाली मान घालून लिहीत होती. संध्याला खोटं रेटता आलं असतं. पण समोरच्या पोरीचा चेहरा इतका सरळ होता की तिच्यानं ते झालं नाही. ती हळूच म्हणाली, "मी लंडनची नाही, लिन. मी भारतातली. माझ्या गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर."

लिनला ते नाव तीन प्रयत्नांतही म्हणता आलं नाही. तिनं हे गुपित कुणालाच सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून क्लास सुटल्यावर ती मागं थांबायची. इंग्रजी झालं की संध्या तिच्याकडून व्हिएतनामीचे सूर घटवून घ्यायची. सूर चुकला की लिन मास्तरांसारखी टेबलावर बोट आपटायची. आजी तिला न्यायला यायची तेव्हा हातात उकडलेलं रताळं असायचं, आणि त्यातलं अर्धं न बोलता संध्याच्या हातावर ठेवलं जायचं.

असं दीड वर्ष गेलं. संध्याला मूल नव्हतं, आणि त्याचं दुःख तिनं कधी मोकळेपणानं केलं नव्हतं. आता ते एका परक्या पोरीच्या वेण्या घालताना तिला कळू लागलं.

एका दुपारी वर्ग भरलेला असताना दोन अधिकारी आत आले. हानबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या भराभर बोलू लागल्या, "ही कॉलेजची विद्यार्थिनी आहे. मुलांना भेटायला आलीय. पाहुणी."

संध्याला शब्द न् शब्द समजत होता. मोठा अधिकारी वयस्क होता. तो फळ्याकडं पाहत पुढं आला. पहिल्या बाकाशी वाकला आणि लिनला मऊ आवाजात म्हणाला, "बाळ, या कोण आहेत?"

हानबाईंनी मुलांना मागंच पढवून ठेवलं होतं: ताई म्हणायचं, को म्हणायचं नाही. लिननं संध्याकडं पाहिलं. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. डोळे भरून आले. ती पोर ताई म्हणाली असती तर कदाचित सगळं निभावलंही असतं.

"मी यांची शिक्षिका आहे," संध्या व्हिएतनामीत म्हणाली. सगळे सूर नीट लागले.

अधिकारी सरळ उभा राहिला. "तुमचा व्हिसा शिकण्याचा आहे."

"व्हय," तिच्या तोंडून आपसूक मराठी निघालं, मग तिनं त्यांच्या भाषेत सांगितलं, "शिकतेही."

त्यानं पासपोर्ट मागितला. त्याचं बोलणं शेवटपर्यंत अदबीचं होतं. नियम मात्र नियमच होता. दहा दिवसांत देश सोडायचा आणि तीन वर्षं परत यायचं नाही. हानबाईंचा क्लास दोन महिने बंद राहिला. त्या संध्यावर चिडल्या, रडल्या, आणि निघायच्या दिवशी बसस्टँडवर फळांची पिशवी घेऊन हजर झाल्या. लिन आली नाही. आजी एकटीच आली होती. तिनं खुणेनं सांगितलं, पोरगी घरात पांघरूण घेऊन पडलीय, उठतच नाही.

चिकलठाण्याला विमान उतरलं तेव्हा लक्ष्मीबाई विमानतळाच्या दारातच उभ्या होत्या. लेकीला पाहून म्हणाल्या, "वाळलीस लई." घरी गरम भाकरी तयार होती. ज्या भाकरीसाठी दीड वर्ष जीव तुटला, ती पुढ्यात आली आणि घास उतरेना.

"काय झालं गं?"

"काय नाय."

"संधे, तुझं अर्धं चित्त तिकडंच ऱ्हायलंय," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिल्या.

आता संध्या घराच्या वरच्या खोलीत इंग्रजीचे वर्ग घेते. कंपनीतली पोरं मुलाखतीची तयारी करायला येतात, नर्सिंगच्या मुली येतात. कुणी अ‍ॅक्सेंटबद्दल बोलत नाही. परदेशी जाऊन शिकवायचं म्हणणारं कुणी आलं की ती आधी विचारते, व्हिसा कशाचा काढतोयस? आणि उत्तर ऐकून मग पुढचं बोलते. स्वतःसाठी तिनं अध्यापनाचा एक ऑनलाइन कोर्स पुरा केला, पदवीचे कागद साक्षांकित करून ठेवले. तीन वर्षांतली दोन सरली आहेत.

लिन आजीच्या मोबाइलवरून कधी कधी निरोप धाडते. मागच्या महिन्यात फोटो आला. नदीकाठी आजी, लिन आणि मधे लिनचा खांदा घट्ट धरलेली एक बारीक अंगाची बाई. आई परत आली होती. लिन उंच झाली होती. केस मोकळे सोडले होते. वेण्या नव्हत्या.

संध्यानं तो फोटो आईला दाखवला. लक्ष्मीबाईंनी चष्मा पुसून निरखून पाहिला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "लेकराला तिची माय मिळाली."

"हो, लई बरं झालं," संध्या म्हणाली, आणि ते खरंच होतं. तरी तिला जिन्यात जरा वेळ बसावं लागलं. वर वर्गातली पोरं बाकं सरकवत होती, कुणीतरी मॅडम आल्या का म्हणून विचारत होतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, खडूचा डबा उचलला आणि वर गेली.