डावीकडे ओढणारी गाडी

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय सतत ब्रेक मारत असतो. ब्रेक असतो ड्रायव्हरच्या पायाखाली, आबा असतात शेजारच्या सीटवर, पण पायाला ते कोण समजावणार? सगळी नोकरी त्यांनी नंदुरबारकडे एसटी चालवण्यात घालवली. माझ्या दोन्ही भावांना त्यांनी स्वतः गाडी शिकवली आणि तरी भावांच्या शेजारी बसलं की प्रत्येक स्पीडब्रेकरला यांची चप्पल पायपुसणीवर दाबली जाते. भावांच्या गाडीतली पायपुसणी त्या जागी झिजून पातळ झाली आहे.

मला मात्र त्यांनी गाडी शिकवली नाही. मुलीला कशाला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं, त्यांनाही वाटलं. मी शिकले ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इथे सुरतेत, उधन्यात, पोरं मोठी झाल्यावर, चिडून. नवरा शेजारी बसून सूचना द्यायचा म्हणून त्याला आधी खाली उतरवलं आणि मग शिकले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आबा आमच्याकडे आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "आबा, रविवारी तुम्हाला घरी मी सोडते. माझ्या गाडीने, मीच चालवणार."

आबांनी डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीखालून माझ्याकडे पाहिलं. "गाडी सरळ चालनी ते बससू," अहिराणीत म्हणाले. "नहीते रेल्वे शेच."

एवढ्यावर मी हुरळून गेले. आबा माझ्या शेजारी बसणार, नंदुरबारपर्यंत, मी चालवत असताना. दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

पण गाडी खडखडत होती. पुढच्या चाकांच्या खालचा जो आडवा हात असतो, ज्याला सगळे लोअर आर्म म्हणतात, तो दोन्ही बाजूंचा झिजला होता, शॉकअपही गेले होते. नवरा म्हणाला, "गॅरेज कशाला, मी आहे ना." नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्तर आहे; बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. बोल्ट दिसला की त्याचा हात शिवशिवतो. बुधवारी त्याची साप्ताहिक सुट्टी. आमच्या सोसायटीच्या आवारात त्याने चटई टाकली, चटईवर पाने मांडले आणि गाडीखाली शिरला. आबा खुर्ची टाकून शेजारी. गाडीखालचं काही दिसत नव्हतं, पण आवाजावरून चूक काढत होते.

डावी बाजू त्याने अगदी मन लावून केली. गाडी जॅकवर, चाक काढलेलं, आर्म मोकळा लोंबकळतोय, आणि हा एकेक बोल्ट ताकद लावून कसतोय. उजव्या बाजूला मात्र जॅक हळूहळू खाली बसायला लागला, म्हणून घाईघाईने चाक लावून गाडी खाली उतरवली आणि उरलेले बोल्ट तसेच जमिनीवर आडवं पडून कसले. "उजवीकडे जरा उरकलंच," म्हणाला. "डावीकडचं बघ, कसं लूमसारखं बसलंय."

गुरुवारी मी गाडी घेऊन निघाले. खडखड बंद, गाडी मऊसूत. आणि हात जरा सैल सोडला की सरळ डावीकडे, फुटपाथच्या दिशेने. घरी येऊन मी किल्ली गुपचूप खिळ्याला अडकवली, कारण आबा समोर होते. पण माझं तोंड बघून त्यांना कळलंच.

चाकं सरळ रेषेत आणण्याचं अलाइनमेंट केलेलं नव्हतं, तेच असणार, म्हणून लगेच उधन्यातल्या दुकानात नेली. मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले. मी फेरी मारली, गाडी डावीकडे. परत गेले.

"बेन, मशीनमां बधुं बराबर छे," दुकानदार म्हणाला. "रोड का ढलान है."

आता रस्ता डावीकडे उतरता असतो हे मलाही माहीत आहे. पण उतार रस्त्याला असतो, माझ्या वैतागाला नव्हता. मी त्याला म्हटलं, मी रोज याच रस्त्यावर राहते, रस्ता परवापर्यंत ओढत नव्हता. तो हसला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने एकेक शंका फेडायला घेतली, आणि त्यात तो खरंच हुशार आहे. आधी चारही टायरची हवा सारखी केली. फरक नाही. मग पुढचे दोन्ही टायर एकमेकांच्या जागी लावले. दोष टायरचा असता तर ओढ उजवीकडे गेली असती, ती गेली नाही. मग मी एक लांब फेरी मारून आले आणि त्याने दोन्ही चाकांच्या मध्यावर हात ठेवून पाहिलं. ब्रेक चिकटून राहिला असता तर एक चाक जास्त तापलं असतं. दोन्ही सारखीच कोमट. तो वेताचा मोडा घेऊन त्यावर बसला आणि त्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात आबा आतून सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, रविवारची सकाळची रेल्वेगाडी उधन्याला थांबते ना?

मला रडू येईल असं वाटलं. इतक्या वर्षांनी माणूस हो म्हणतो आणि चाक आडवं येतं.

मी साड्यांना फॉल-बिडिंग लावते, ब्लाउज शिवते. राग आला की मी मोजमापं घेते, ती माझी सवय आहे. गळ्यात टेप होतीच. मी गाडीभोवती फिरले, आणि मला ती तिरकी दिसली. साडीचा काठ एका बाजूने उचललेला दिसावा तशी. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावली. उजवीकडे जेवढं भरलं त्यापेक्षा डावीकडे बोटभर जास्त. दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा नवऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावून.

"डावीकडे गाडी उंच उभी आहे," मी म्हणाले. "हे बोल्ट कसताना चाक कुठे होतं?"

"लोंबकळत. भार काढून कसायचं, नाहीतर बोल्ट नीट बसत नाही. लूमला तसंच करतो आम्ही."

"आणि उजवीकडे?"

"तिकडे जॅक बसला ना. जमिनीवरच..." आणि तो थांबला.

मला माझं काम आठवलं. कापड ताणून धरून शिवलं की शिवताना झकास दिसतं, सोडलं की चुण्या पडतात. ज्या अवस्थेत ते अंगावर राहायचं त्याच अवस्थेत शिवावं लागतं. आर्मच्या टोकाला रबराचा बुश असतो. चाक लोंबकळताना तो बुश आवळला, तर तो त्याच जागेला धरून राहणार. मग गाडी खाली उतरवली की रबर पिळलं जातं, आणि पिळलेलं रबर गाडीला त्या बाजूने वर ढकलत राहतं; तिरकी उभी गाडी मग धावतेही तिरकीच. मन लावून केलेली बाजू चुकली होती आणि उरकलेली बाजू बरोबर होती. मी हे सांगितलं तेव्हा नवरा इतका हसला की आबा खुर्चीवरून उठून बाहेर आले.

त्याने डावीकडचे बोल्ट सैल केले. गाडी चारही चाकांवर उभी असताना मी आणि शेजारच्या काकूंनी बॉनेटवर हात ठेवून तिला चार-पाच वेळा खाली दाबली, म्हणजे ती आपल्या वजनाने बसेल. काकूंना काय चाललंय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण दाबलं त्यांनी जोरात. मग नवरा आडवा पडला आणि त्याने तशीच, भारासकट, ती बाजू कसली. टेप लावली. दोन्हीकडे सारखं.

उंची बदलली म्हणजे आधीचं अलाइनमेंट वाया गेलं. शनिवारी पुन्हा त्याच दुकानात गेले. आकडे पुन्हा हिरवे. मग मी सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या लांब सपाट रस्त्यावर गेले, पुढेमागे कोणी नाही असं बघून एक क्षण हात उचलले. गाडी सरळ. डोळ्यांत पाणी आलं ते पुसून मी परत वळले.

रविवारी नवरा मागे बसला, आबा पुढे. बारडोलीपर्यंत त्यांचा पाय आपलं काम करत होता. स्पीडब्रेकर आला की दाब, ट्रक आला की दाब. मी तिकडे बघितलंच नाही. बारडोली मागे पडली, उसाची शेतं लागली, रस्ता मोकळा झाला. एकदा त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "ओढत नही," एवढंच म्हणाले.

व्यारा जवळ आलं तेव्हा शेजारी काहीतरी हललं. आबांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले.

मागून नवऱ्याने हळूच विचारलं, "आबा, झोप आली का?"

"नही," आबा म्हणाले. "निवांत बठेल शे."

पुढच्या स्पीडब्रेकरला ब्रेक मी एकटीने मारला.