भास्कर थांबेना!

चार माणसं रोज सकाळी एकत्र पळायला लागली, की पायातल्या बळापेक्षा किस्सेच जास्त वाढतात. सातपूरच्या आमच्या कारखान्यातल्या मंडळींकडे ऐंशीच्या दशकातले इतके साठलेत, की कुठून सुरू करावं कळत नाही. ऐकणारे पोट धरून हसतात. हसोत बापडे! आम्ही मात्र त्या वेळी जाम टरकलेलो होतो.

* * *

सुरुवात केली सुभेदारांनी. फौजेतून रिटायर होऊन आमच्याकडे सिक्युरिटी ऑफिसर झालेले. एक दिवस कॅन्टीनमध्ये येऊन त्यांनी जाहीर केलं, "मुंबईच्या मॅरेथॉनला तुम्हा तिघांची नावं दिली आहेत." तिघं म्हणजे मी, स्टोअरमधला पगारे आणि फिटर भास्कर.

"किती पळायचं असतं?" पगारेने विचारलं.

"बेचाळीस किलोमीटर."

पगारेचा घास हातातच राहिला. "साहेब, एवढ्या लांब जायचं तर मी एसटीतसुद्धा डबा घेऊन बसतो!"

पण नाही म्हणायची हिंमत कोणाचीच झाली नाही. बेचाळीस किलोमीटर लांब होते, सुभेदारांच्या मिशा समोर होत्या.

* * *

एकदा सकाळच्या सरावात त्र्यंबक रोडला एक दांडगं कुत्रं अंगावर आलं. सुभेदार ओरडले, "कोणी पळू नका! जागेवर उभे राहा!"

मी उभा राहिलो, म्हणजे पाय हलेनातच. पगारेने डोळे मिटून घेतले. भास्कर मात्र थांबेना. आमच्याभोवती गोल गोल पळतोय आणि कुत्रं त्याच्या मागे! शेवटी कुत्रंच जीभ बाहेर काढून खाली बसलं.

"अरे, थांबला का नाहीस?"

"कुत्रं परवडलं," भास्कर म्हणाला. "मला थांबायची लय भीती वाटती."

आम्ही हसलो. मग त्याने कारण सांगितलं. त्याचे वडील सायखेड्याची एसटी गाठायला धावले होते. गाडी मिळाली. खिडकीशी बसले, "मिळाली बुवा!" म्हणाले आणि मान टाकली. वय चाळीस.

"पळताना नाय गेले," भास्कर म्हणाला. "बसल्यावर गेले."

भास्करला त्याच वर्षी चाळिसावं लागलं होतं. त्यानंतर रोज सकाळी पळून झालं, की माझ्याच छातीत धडधडायला लागायचं.

* * *

सुभेदारांनी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली, ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, "काही नाही हो! हृदय घोड्यासारखं आहे."

भास्कर बाहेर येऊन हळूच म्हणाला, "म्हणूनच घोडा कधी बसत नाय, साहेब!"

* * *

मग एक दिवस त्याची बायको, सिंधूवहिनी, कारखान्याच्या गेटवर आली.

"आमचे हे पळून आल्यावर अंगणात येरझाऱ्या घालत्यात. भाकर बी फिरतच खात्यात. शेजारीण विचारती, भांडण झालं का? मुंबईला बेचाळीस पळाले आन् थांबायलाच भ्याले, तर माझ्या माणसाचं काय व्हईल?"

सुभेदारांनी लढाई पाहिलेली, पण त्या बाईपुढे त्यांचा आवाज बारीक झाला. "वहिनी, आधी नाशिकची अर्धी मॅरेथॉन. ती फक्त सरावापुरती. भास्कर तिथं नीट थांबला, तरच मुंबई. नाहीतर नाव कट."

वहिनी म्हणाली, "मी बी येते मग."

जगात सगळे पळायचा सराव करतात. आम्ही एकवीस किलोमीटर पळणार होतो थांबायच्या सरावाला!

* * *

त्या दिवशी सुभेदारांची ताकीद होती, "ही शर्यत नाही. जो जोर लावेल, त्याची माझ्याशी गाठ." त्यामुळे सगळं नाशिक आम्हाला मागे टाकून गेलं. शाळेतल्या मुली गेल्या, धोतर नेसलेले एक आजोबाही गेले.

कडेला उभा असलेला एक जण ओरडला, "काका, रिक्षा बोलवू का?"

"आम्ही सराव करतोय!" पगारे गुरकावला.

"कशाचा? वरातीचा?"

पगारे हसला, मला हसू येईना. बाकीच्यांना शेवट जवळ आला की हुरूप येतो. भास्करचा चेहरा मात्र पांढराफटक पडत चालला होता. मैदानातली फीत दिसली आणि त्याने माझा दंड पकडला. हात बर्फासारखा गार!

* * *

फीत ओलांडून आम्ही थांबलो. भास्कर पुढेच! मेडलच्या टेबलापुढून गेला, पाण्याच्या पिंपापुढून गेला, मैदानाला चक्कर मारायला लागला. माईकवरून पुकारा झाला, "अहो, शर्यत संपली!" सुभेदारांनी "थांब" म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. थांब कोणत्या तोंडाने म्हणायचं? खरंच थांबला आणि पडला तर? मी देवाचं नाव घ्यायला लागलो.

तेवढ्यात सिंधूवहिनीने पदर खोचला, चपला माझ्या हातात दिल्या आणि धावत जाऊन त्याचा हात धरला. थांबा म्हणाली नाही. त्याच्या शेजारून पळत बोलायला लागली. काल मेथी कडू निघाली म्हणाली. नळाला पाणी आलं नाही म्हणाली. धाकटीचा दात हलतोय म्हणाली. भास्कर तिच्या तोंडाकडे बघत, हुं हुं करत पळत होता. दुसऱ्या चकरेला दोघं जरा सावकाश आले. तिसऱ्या चकरेला चालत आले. वहिनीचं बोलणं चालूच. आम्ही तिघं बघतोय.

"थोरला म्हणतो, मला बी पळायला न्या."

"नको!" भास्कर घाबरून म्हणाला. "त्याला कशाला? एकदा पळायला लागलं, की थांबता येत नाय, सिंधू!"

वहिनीने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"अवो," ती म्हणाली, "आपण मघापासून उभेच हाये."